बुटक्याचं तेल

आमच्याकडे रोवणा, म्हणजे धानाची लावणी, संपला हे आधी कानांना कळतं. महिनाभर उजाडल्यापासून बांध्यांमधून ट्रॅक्टरची घरघर चालू असते, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या वेळेवर पोचल्या नाहीत म्हणून बायकांची आरडाओरड चालू असते, आणि मग एका सकाळी यातलं काहीच नसतं. बेडूक तेवढे ओरडत असतात. धानाच्या बांध्या पाण्यात हिरव्या उभ्या असतात आणि बायका ओट्यावर पाय पसरून बोटांमधल्या चिखल्यांना हळद-खोबरेल लावत बसलेल्या असतात. सौंदडच्या बाजूने रेल्वे गेली तर तिचा आवाज पुन्हा आमच्या आंगणापर्यंत यायला लागतो.

गावाला हे दिवस आवडतात. पोळा जवळ आलेला असतो, अंगातला ठणका हळूहळू उतरत असतो. पूर्वी मलाही आवडायचे. आता मात्र रोवणा उरकत आला की ते नकोसे वाटतात, कारण बुटक्याचं तेल बदलायची वेळ आलेली असते.

बुटका म्हणजे आमचा ट्रॅक्टर. तो मूळचा धानाच्या मुलखातला नाही. संत्र्याच्या झाडांच्या रांगांमधून फिरता यावं म्हणून मुद्दाम बसका आणि अरुंद बनवलेला. काटोलकडच्या एका बागायतदाराने नवा ट्रॅक्टर घेतला तेव्हा हा आमच्या घरी आला, आणि आला तेव्हाच म्हातारा होता. आता तर असे ट्रॅक्टर कोणी बनवतही नाही. त्याचा निळा रंग बोनेटच्या खाचांमध्ये शोधावा लागतो. गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरांशेजारी उभा राहिला की वासरासारखा दिसतो. पण आमच्या बांध्या लहान, त्यांच्यामधले धुरे, म्हणजे बांध, जवळजवळ. मोठा ट्रॅक्टर वळायलाच अर्धी बांधी घेतो, बुटका मात्र कोपऱ्यापर्यंत जाऊन रोवण्यासाठी चिखल करून येतो. पोटापर्यंत पाण्यात उभं राहून हे काम करताना त्याच्या झिजलेल्या सिलांमधून पाणी आत शिरतं आणि रोवण्याच्या शेवटी गिअरबॉक्समधलं तेल दुधाळ होऊन जातं. तसंच राहू दिलं तर आतलं लोखंड गंजतं. म्हणून रोवणा झाला की पोळ्याच्या आत ते तेल काढायचं आणि नवं भरायचं, हा आमच्या घरचा नेम. माझ्या नवऱ्याने घातलेला.

त्यांचं नाव देवराम. तोंडाने मी ते कधी घेतलं नाही, कागदावर लिहायला मात्र काही वाटत नाही.

तेल बदलायचा दिवस त्यांच्या दृष्टीने सणासारखा असायचा. आधी बुटका चालू करून नाल्यापर्यंत एक चक्कर मारायची. गरम झालं की तेल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं, थंड काढलं तर गाळ आतच बसून राहतो, हे ते दरवर्षी मला नव्याने सांगायचे. मग आंगणात सपाट जागी ट्रॅक्टर लावायचे, खाली पोतं अंथरायचे आणि आत शिरायचे. फक्त पाय बाहेर. तेल घमेल्यात पडायला लागलं की सडक्या लसणासारखा एक जाड वास आंगणभर पसरायचा, तो दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांना यायचा. ते बाहेर येऊन बोटभर तेल घ्यायचे आणि अंगठ्याने चोळत उन्हाकडे धरायचे. बराच वेळ चोळत राहायचे.

"काय पाहून राहिले एवढं?" मी विचारायची.

"रक्त तपासून राहिलो," ते म्हणायचे, आणि मग बोलतच सुटायचे. बोलका माणूस. सडक अर्जुनीला बाजाराला गेले तर पिशवी रिकामी आणि चार ढाब्यांवरच्या गप्पा भरून घरी येणारे. ट्रकवाल्यांशी छत्तीसगढीत, गोंदियाच्या व्यापाऱ्यांशी हिंदीत, माझ्या माहेरच्यांशी मुद्दाम पोवारीत. एवढं बोलणं ऐकून कधीकधी माझं डोकं दुखायचं.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, ते सकाळी तोंड धुता धुता आंगणात कोसळले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. गोंदियाच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. पायात थोडी ताकद परत आली, धरून चालवलं तर चार पावलं टाकू लागले. हात नाही आला. बोलणंही नाही आलं. आलं ते एवढंच की एके सकाळी त्यांनी माझ्याकडे बघून स्पष्ट म्हटलं, "चहा."

मी रडले आनंदाने. धावत जाऊन चहा आणला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा म्हटलं, "चहा." मग चिडून, "चहा! चहा!" हळूहळू आमच्या लक्षात आलं की त्यांच्याकडे हा एकच शब्द उरला आहे. पाणी हवं असलं तरी चहा, कूस बदलायची असली तरी चहा, दुखत असलं तरी चहा.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या दिराला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बोलने का हिस्सा गया है. समझ कितनी बची है, अभी कह नहीं सकते. धीरे धीरे देखेंगे." त्यातलं 'कह नहीं सकते' तेवढं आम्ही घरी घेऊन आलो, आणि पाहुणे येऊन विचारपूस करून जाईपर्यंत त्याचं 'आता काही समजत नाही' होऊन गेलं. कोणी मुद्दाम केलं नाही. शब्द हातोहात फिरताना झिजतात तसं झालं.

मी गावातल्या अंगणवाडीत आहे. दोन-तीन वर्षांची लेकरं माझ्यासमोर बोलायला शिकतात. लेकरू 'मम' म्हणालं तर त्याला पाणी हवं की भात, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. घरी मात्र मला ते कळत नव्हतं. ते चिडायचे, मी थकायची. त्यांना आंघोळ घालताना, भरवताना मीही लेकरांशी बोलते तशीच बोलायला लागले होते. "आ करा पाहू. शहाणे." असं.

पाऊस आला, पऱ्हे उगवले, रोवणा सुरू झाला. बुटका आता माझा दीर चालवत होता. धनराज त्याचं नाव, भावापेक्षा बराच लहान, मनाने चांगला. स्वतःच्या बांध्या सांभाळून त्याने आमच्याही केल्या, वर आजूबाजूच्यांचा चिखल करून दिला. रोज संध्याकाळी बुटक्याचा आवाज गावाच्या वळणावर यायचा आणि छपरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले हे अस्वस्थ व्हायला लागायचे. मान वळवायचे, डाव्या हाताने खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायचे. "चहा! चहा!" ट्रॅक्टर आंगणात येऊन बंद झाला की गप्प व्हायचे, आणि धनराजकडे बघत राहायचे.

"भाऊले चहा द्या ना वयनी," धनराज हातपाय धुता धुता म्हणायचा. "मी आलो का त्यायले चहा लागते." त्याला वाटायचं, भावाला आपण आल्याचा आनंद होतो. मलाही तसंच वाटायचं. रोज संध्याकाळी मी चहा ठेवायची आणि रोज तो कपात थंड होऊन जायचा.

रोवणा संपत आला तेव्हा सौंदडच्या एका ओळखीच्या माणसाचा चिखल राहिला होता. पऱ्हे उशिरा टाकल्यामुळे तो मागे पडला होता. धनराजने त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणून शब्द दिला, आणि जाण्याआधी तेल बदलून घेऊ म्हणाला, कारण गिअर टाकताना जड लागत होता. पण त्याच दुपारी सडक अर्जुनीला युरिया आला म्हणून कळलं, तो रांगेत उभं राहायला निघाला.

"वयनी, तेल तेवढं तुमी बदलून टाका. काई नाई त्यात. जुनं काढाचं, नवं भराचं."

मी इतकी वर्षं ते काम बघितलेलं. बुटका त्याने गरम करून आंगणात लावून दिला. निघता निघता तो म्हणाला, "पोळा झाला का याले भंगारात देऊन टाकू. एखादा बरा पाहू. भाऊले आता काय समजते, बुटका गेला का राहिला." हे तो छपरीत, भावाच्या खुर्चीला टेकून, चप्पल घालता घालता म्हणाला.

पाऊस उघडला होता. चांगलं कडक ऊन होतं. मी पोतं अंथरलं, घमेलं सरकवलं आणि पाना घेऊन खाली शिरणार, तेवढ्यात छपरीतून थापा ऐकू आल्या. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. पडतील म्हणून मी धावले. त्यांनी मला ढकलून आंगणाकडे बोट केलं. शेवटी त्यांना धरून धरून आणलं आणि खुर्ची ट्रॅक्टरच्या बाजूला ठेवून बसवलं. म्हटलं, बसू दे, एवढं वर्षाचं काम त्यांचं.

मी पुन्हा खाली शिरायला लागले तर त्यांनी माझा खांदा धरला. सीटच्या खाली, गिअरबॉक्सच्या वर एक झाकण असतं, नवं तेल भरायचं. त्यावर बोट आपटायला लागले. मी म्हटलं, "हो, मग तिथून भरू. आधी खालून काढू द्या." ते ऐकेनात. आपटतच राहिले. मग मी नुसती त्यांची समजूत म्हणून ते वरचं झाकण फिरवायला गेले, तर ते हलेचना. चिखलाने घट्ट बसलेलं. पान्यावर जोर लावला, हातोडी मारली, डिझेल टाकून थोडा वेळ थांबले, तेव्हा कुठे सुटलं. खालून तेल काढून टाकलं असतं आणि हे झाकण उघडलं नसतं, तर बुटका रिकाम्या पोटी तिथेच उभा राहिला असता.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते, खालच्या बोल्टकडे बघत होते. त्या वेळी मला एवढंच वाटलं की हातांची सवय राहते माणसाला.

बोल्ट सुटला, तेल पडायला लागलं. पिवळट, दुधाळ, जाड. तोच वास. घमेलं भरत आलं तसं मी ते त्यांच्या पायाशी ओढलं. ते डाव्या बाजूला झुकले, मी घट्ट धरून ठेवलं, आणि त्यांनी बोटं तेलात बुडवली. अंगठ्याने चोळलं. पुन्हा बुडवली, तळापर्यंत. चोळलं. आणि थांबले.

मी बोल्ट पुसून लावला, नव्या तेलाचा डबा उघडला आणि नरसाळं वरच्या झाकणाजागी ठेवलं. त्यांनी ते नरसाळं उडवून लावलं.

"काऊन असे करता?"

"चहा," ते म्हणाले. मी नरसाळं उचललं, पुन्हा ठेवलं. आता त्यांनी त्या भोकावर तळहातच ठेवला. मी हात काढायला गेले तर दातओठ खाऊन तो दाबून धरला. तेलाने माखलेला हात, कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून एकच शब्द, मोठ्याने, पुन्हा पुन्हा. शेजारच्या घरातून बायका डोकावल्या. मला लाज वाटली आणि रागही आला. "सोडा ना! काम होऊ द्या!" मी ओरडले. त्यांनी हात काढून आपल्या पांढऱ्या बनियनवर छातीवर पुसला, मला दाखवून पुसला, आणि परत भोकावर ठेवला.

तेवढ्यात धनराज युरियाची पोती घेऊन आला. बघताच त्याने सायकल टाकली. "भाऊ, सोडा. सोडा ना भाऊ." त्याने हात ओढून काढला. यांनी त्याची कॉलर पकडली. आयुष्यात कधी त्यांनी धाकट्या भावावर हात टाकला नव्हता. धनराजचं तोंड उतरलं.

"कायले आणून बसवलं वयनी यायले इथं? पाहून राहिल्या ना कशे करतात ते? आत न्या त्यायले."

आम्ही दोघांनी त्यांना उचलून आत नेलं. त्यांनी अंग सैल सोडून दिलं होतं. खाटेवर टाकल्यावर भिंतीकडे तोंड करून पडले. धनराज बाहेर जाऊन नव्या तेलाचा डबा उचलणार, तोवर मी त्यांचं बनियन बदलायला घेतलं. ते धुवायला टाकावं म्हणून दाराशी आले, आणि उन्हात ते माझ्या हातात चमकलं.

छातीवर जिथे त्यांनी बोटं पुसली होती, तिथे तेलाच्या डागात बारीक चंदेरी चमक होती. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैलांना चमकी लावतात, तशी. मी बोटाने चोळलं तर ते टोचलं.

"धनराज, थांबा," मी म्हटलं. "भरू नोका तेल."

मी जुन्या लुगड्याचा तुकडा आणला. घमेल्यातलं तेल दुसऱ्या घमेल्यात त्यातून गाळलं. फडक्यात लोखंडाचा कीस राहिला, आणि त्यात नखाएवढे वाकडे पत्र्याचे तुकडे. धनराजने एक तुकडा उचलला, पुसला, तळहातावर ठेवून बघत राहिला. मग आत गेला. मी दारातून बघितलं. तो खाटेशेजारी खाली बसला होता आणि तो तुकडा भावासमोर धरून विचारत होता, "हे सांगून राहिले होते का तुमी?"

ते भिंतीकडून वळले. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो.

दुसऱ्या दिवशी सौंदडचं काम जमत नाही म्हणून कळवलं आणि सडक अर्जुनीहून मिस्त्री आणला. त्याने गिअरबॉक्सचा डबा उघडला. आतल्या एका बेरिंगचा पत्रा तुटून गोळ्या सुट्ट्या झाल्या होत्या, एक तर गिअरच्या दातांच्या अगदी तोंडाशी येऊन पडलेली. "चालवला असता ना, तं दात गेले असते अना डब्बाबी फुटला असता," मिस्त्री म्हणाला. "मंग याचा डब्बा कुठून आणला असता? कोनं सांगतलं तेल गाळाले?"

"भाऊनं," धनराज म्हणाला.

रोज संध्याकाळच्या त्या थापांचा अर्थ मला तेव्हा लागला. त्यांना चहा नको होता आणि धनराज आल्याचा आनंदही नव्हता. गावाच्या वळणावरूनच त्यांना बुटक्याच्या पोटातला आवाज ऐकू येत होता. महिनाभर ते तेच सांगत होते.

बेरिंग रायपूरच्या जुन्या बाजारात मिळालं, ढाब्यावरच्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. बुटका उभा राहिला. गावभर चर्चा झाली. लोक मुद्दाम बघायला यायचे, "वा देवरामभाऊ" म्हणायचे. मीही दोन दिवस हवेत होते. माझा माणूस आत शाबूत आहे, सगळा, पूर्वीसारखा. नुसती वाट बंद झाली आहे.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढत होते, आणि डाव हातात धरून मी तशीच उभी राहिले. त्यांना सगळं समजत होतं. म्हणजे उन्हाळ्यापासून सगळंच समजत होतं.

शेजारची सीताकाकू आठवली. उन्हाळ्यात भेटायला आली होती. त्यांच्या खाटेवर, त्यांच्याच पायाशी बसून भाकर खाता खाता म्हणाली होती, "त्याच दिवशी नेलं असतं ना देवानं, तं सुटला असता बिचारा. तूही सुटली असती, पोरी." मी तिला वरण वाढलं होतं. पुण्याला असलेला आमचा मुलगा नितेश आठवला. त्याचा फोन आला तेव्हा मी यांना भरवत होते, हात खरकटे म्हणून फोन खिडकीत ठेवून स्पीकरवर टाकला होता. "आई, तू किती दिवस करशील असं? बाबाले काय फरक पडते, कुठंबी राहिले तं? इकडे एक जागा आहे, ठेवतात अशा लोकांना. मी पाहून आलो." त्या वेळी त्यांच्या तोंडातला घास थांबला होता. मला वाटलं, भात गरम आहे. मी त्यावर फुंकर घातली होती.

किती जण, किती काय काय बोलून गेले त्या घरात. धनराजचं भंगाराचं. शेतीचं पुढे कसं, कोण करील. एका पाहुण्याने तर त्यांच्यासमोरच मला विचारलं होतं की यांना लघवीचं समजतं का. आणि मी लेकराला म्हणावं तसं "शहाणे" म्हणत होते.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा ते छपरीत बसले होते. मला त्यांच्याकडे बघता येईना. घर झाडत राहिले.

त्यानंतर घरातलं वागणं बदललं, आणि हे मला आधीपेक्षा जड गेलं. लोक त्यांच्यासमोर जपून बोलायला लागले, म्हणजे बोलेनासे झाले. सीताकाकू ओट्यावरूनच हाक मारून जायची. नितेशचा फोन आला की मी तो घेऊन बाहेर जायची, आणि बाहेर गेले की ते माझ्या पाठीकडे बघत राहायचे. बाहेर काय बोललो, हे त्यांनी मनात किती रंगवलं असेल कोण जाणे. धनराज बरेच दिवस आलाच नाही. आला तो भावासाठी नवा शर्ट घेऊन, आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठमोठ्याने बोलला. मी अंगणवाडीतले चित्रांचे पत्ते आणून त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, बोट ठेवून सांगतील. आंबा, पोपट, छत्री, बस. त्यांनी एकेक पत्ता बघितला आणि सगळे गोळा करून माझ्या हातात परत दिले. त्यांना जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतं.

मग ते कोणत्या चित्रात असणार होतं, हा विचार माझ्या मागे लागला तो लागलाच. सीताकाकूचं ते वाक्य माझ्या मनातून जाईना. त्यांच्याही जात नसेल. ते ऐकल्यावर त्यांना काय वाटलं असेल? नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं असेल, की हो? मला विचारता आलं असतं. मान हलवून ते उत्तर देऊ शकत होते, एवढं आता कळलं होतं. पण रोवणे आले आणि गेले, बुटक्याचं तेल मी त्यांच्यासमोर बसून बदलत राहिले, आणि विचारलं नाही. उत्तराची भीती होती.

या वर्षी पाऊस मागे-पुढे झाला, रोवणा लांबला. काल सगळं आटोपलं. आज दुपारी धनराजने बुटका गरम करून लावून दिला आणि तो केशोरीला सासुरवाडीला गेला. मी यांना आणून बसवलं. वरचं झाकण आधी उघडलं, खालचा बोल्ट सोडला. तेल या वेळी फार दुधाळ नव्हतं, गेल्या वर्षी नवी सिलं टाकली आहेत. त्यांनी बोटं बुडवून चोळून बघितलं, उन्हात धरलं, आणि ठीक आहे अशी मान हलवली. पडून जाऊ द्यायचं होतं शेवटच्या थेंबापर्यंत. त्याला वेळ लागतो. आंगणात दुसरं कोणी नव्हतं. मी पोत्यावरच बसले होते, त्यांच्या पायाशी.

"सीताकाकू तेव्हा बोलली होती," मी म्हटलं. "देवानं त्याच दिवशी नेलं असतं तं बरं झालं असतं म्हणून. तुमी ऐकलं होतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमालेबी तसं वाटते का?"

धार बारीक होऊन आता थेंब थेंब पडत होते. त्यांनी घाई केली नाही. नजर वळवली नाही. आणि सावकाश मान हलवली. हो.

मी खाली बघितलं. इतकी वर्षं मी हेच ऐकायला घाबरत होते, आणि ते ऐकल्यावर आंगणात काहीच झालं नाही. ऊन तसंच होतं, कोंबड्या शेणात टोचत होत्या. मला वाटलं की मी रडेन, पण रडू आलं नाही. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. तेलाचा होता. मग त्यांनी तो उचलून माझ्यासमोर धरला आणि तळहात इकडून तिकडे, तिकडून इकडे हलवला. कधी वाटतं, कधी नाही.

"आज?" मी विचारलं.

ते बुटक्याकडे बघत होते. घमेल्यात थेंब पडायचा थांबला होता. त्यांनी पायाने बोल्ट माझ्याकडे सरकवला.

मी खाली शिरले आणि बोल्ट कसला. बाहेर आले तर त्यांनी नव्या तेलाचा डबा मांड्यांमध्ये धरून डाव्या हाताने त्याचं झाकण उघडलं होतं.